सेवेची धुरा कोणाच्या खांद्यावर?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. उत्सवाच्या दिवशी पूर्वजांचे गुण गावे, चर्च उभारणाऱ्यांचे उपकार आठवावे आणि सर्वांस शुभ चिंतून खाली बसावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु जुन्या करारातील लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षाची जी व्यवस्था सांगितली आहे, ती वाचली असता असे दिसते की, त्या वर्षी आनंदाबरोबर मोठी आवराआवरही होत असे. हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळे, दास मोकळा होई, आणि प्रत्येक घराणे आपला हिशेब नव्याने मांडी. तोच धागा धरून आज आम्ही एक हिशेब आपणांपुढे मांडणार आहोत. आपल्यातील वृद्ध, पंगू व दीर्घकाळ आजारी माणसांची सेवा करणारी जी घरे व मंडळे आहेत, त्यांची धुरा उद्या कोण वाहील, आणि ते खांदे आज कोण तयार करीत आहे, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच का निघावा, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यांहून अधिक वयाची माणसे भारतात सुमारे १० कोटी ३८ लाख आढळली, म्हणजे शंभरांत आठ ते नऊ. महाराष्ट्रात तेच प्रमाण शंभरांत जवळजवळ दहा होते. आणि आकडे बाजूस ठेवून रविवारच्या पहिल्या मिस्सेला कोण कोण बसलेले असते एवढे पाहिले, तरी पुरे. अंधेरी-मरोळच्या गावठाणात किंवा बोरिवली-गोराईच्या पाखाडीत पूर्वी एकाच ओट्यावर तीन पिढ्या बसत. आज त्या ओट्याच्या जागी कित्येक ठिकाणी उंच इमारती आल्या आहेत. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, आणि बंद दाराआड आजी एकटी. घाटकोपर-मुलुंडकडेही हेच. पैसा बँकेतून वेळेवर येतो. परंतु रात्री दोन वाजता उठून न्हाणीघरापर्यंत जाताना धरावयास हात लागतो, तो बँकेतून येत नाही.

ह्याबद्दल कोणास दोष लावावयास आम्ही उभे राहिलो नाही. पोटामागे परदेशी जाणे हे पाप नव्हे. आणि अंथरुणास खिळलेल्या आईची सेवा एकट्या सुनेने नोकरी सांभाळून करावी, असे म्हणणे न्यायाचे नव्हे. म्हणूनच वृद्धाश्रम, घरी जाऊन शुश्रूषा करणारी मंडळे, दिवसापुरते वृद्धांस सांभाळणारी केंद्रे ह्यांची गरज वाढली आहे. ही कामे आजवर बहुतांशी धर्मभगिनींनी व सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीसारख्या मंडळांनी चालविली. परंतु व्रतस्थ जीवनाकडे वळणाऱ्या तरुणींची संख्या पूर्वीइतकी राहिली नाही, आणि आज सेवा करणाऱ्या कित्येक भगिनी स्वतःच वृद्ध होत चालल्या आहेत. उद्या ही घरे गृहस्थाश्रमी स्त्रीपुरुषांना चालवावी लागतील. त्यांची तयारी काय?

एक चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. समजा, एका वृद्धाश्रमाची मेट्रन पंचवीस वर्षे ते घर एकहाती चालवीत आहे. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्या पदरी. कोणत्या आजोबांस साखरेचा विकार आहे, कोणत्या आजी अंधार पडताच घाबऱ्या होतात, किराणा-दुकानदाराचे देणे किती, हे सारे तिच्या डोक्यात. सर्व लोक म्हणतात, ‘धन्य ती बाई!’ एके दिवशी ती आजारी पडते. त्या रात्री औषध कोणी द्यावे हे कोणास ठाऊक नाही. आया एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात. विश्वस्त येतात, तेही कागद शोधीत बसतात. त्या बाईच्या भक्तीत तिळमात्र उणे नव्हते. उणे होते ते हे की, तिच्या मागे दुसरे कोणी तयार करावे असे तिला कोणी सांगितले नाही, आणि तिला स्वतःलाही कोणी शिकविले नव्हते. एका माणसाच्या पुण्याईवर उभे असलेले घर त्या माणसाबरोबर बसते. सेवेच्या घराचा प्रमुख शिकवून, वागवून, वेळेवर तयार करावा लागतो. तो आयता सापडत नाही. हेच आमचे आजचे सांगणे आहे.

ही काही नव्या काळाची टूम नव्हे. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्तसभेच्या अगदी बाल्यावस्थेतील एक तंटा सांगितला आहे. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हयगय होऊ लागली आणि कुरकूर सुरू झाली. तेथे बारा प्रेषितांनी काय केले ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्यांनी कुरकूर करणाऱ्यांस दटावले नाही. सर्व मंडळीस एकत्र बोलाविले; सेवेच्या कामावर नेमावयाची माणसे कोणत्या गुणांची असावी ते सांगितले, म्हणजे नावलौकिकाची, पवित्र आत्म्याने व शहाणपणाने भरलेली; निवड मंडळीवर सोपविली; आणि निवडलेल्या सातांवर प्रार्थनापूर्वक हात ठेविले. आणखी एक गोष्ट अशी की, त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवांवर अन्याय झाला, त्यांच्याचकडे वाटपाची जबाबदारी गेली, असे त्यावरून दिसते. विधवांच्या ताटात पडणाऱ्या भाकरीसाठी त्या पहिल्या मंडळीने केवढी काळजीपूर्वक निवड केली! आपण मात्र पुष्कळदा ‘माणूस सज्जन आहे, रिकामा आहे, देऊन टाका त्याच्याकडे’ एवढ्यावर भागवितो.

त्याहूनही जुना धडा निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसे. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा आला आणि एका दिवसात त्याच्या लक्षात आले की, अशाने मोशेही झिजून जाईल आणि लोकही थकतील. त्याने सल्ला दिला की, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमावी. लहान गोष्टी त्यांनी निवाड्यास घ्याव्या, मोठ्या तेवढ्या मोशेकडे याव्या. आणि आधी त्या सर्वांस नियम व रीत शिकवावी. अधिकार वाटून देण्यापूर्वी शिक्षण द्यावे, हा क्रम इथ्रोने सांगितला. मोशेचा मोठेपणा असा की, त्याने तो सल्ला मानला.

आपल्या साष्टी बेटाच्या इतिहासातही ह्याचा एक दाखला आहे. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या किल्ल्यात ‘मिझेरिकॉर्डिया’ नावाचे दयाकार्य करणारे मंडळ होते. त्याचे मूळ मंडळ १४९८ साली लिस्बन येथे स्थापन झाले होते, आणि दयेची चौदा कृत्ये हा त्याचा कार्यक्रम होता: भुकेल्यास अन्न, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सोडवणूक, मृतास मूठमाती इत्यादी. त्या मंडळांत कुलीनतेचा अभिमान शिरला होता, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा एक नियम अनुकरणीय होता. मुख्य कारभारी एका वर्षापुरता निवडला जाई, आणि ही निवड मारियेच्या अलिशिबाभेटीच्या सणी, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे २ जुलैला होई. तरुण मारिया घाईने डोंगराळ मुलखात निघाली ती कोणाकडे? उतारवयात गरोदर राहिलेल्या आपल्या नातलग स्त्रीकडे. वयस्क माणसाच्या सेवेस तरुण माणूस निघते, त्या दिवशी सेवेचा कारभारी नेमावा, ह्याहून समर्पक मुहूर्त कोणता असणार? वसई १७३९ साली मराठ्यांनी घेतली आणि तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु मुदत ठरवून अधिकार द्यावा आणि मुदत संपताच तो शांतपणे दुसऱ्याच्या हाती ठेवावा, हा धडा अद्याप जुना झालेला नाही.

आता आपल्या दारातील उदाहरण घेऊ. अंधेरीस महाकाली गुंफांच्या रस्त्यावर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ ह्या भगिनींचे वृद्धांसाठी घर आहे. आपल्यापैकी अनेकांनी नाताळात तेथे जाऊन भजने म्हटली असतील. ह्या संघाची मूळ स्थापिका संत जान जुगाँ. ती १७९२ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका गरीब कोळ्याच्या घरी जन्मली. तरुणपणी ती एका रुग्णालयात सहा वर्षे राबली. म्हणजे संघ स्थापण्याच्या पुष्कळ आधी तिचे शिक्षण रोग्यांच्या खाटांजवळ झाले होते. १८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने एका आंधळ्या व पक्षाघात झालेल्या वृद्धेस उचलून आपल्या घरी आणले आणि आपली खाट तिला दिली. तेथून कार्य वाढत गेले. १८४३ च्या डिसेंबरात सोबतिणींनी तिला पुन्हा प्रमुख निवडले. परंतु काही दिवसांतच ल पायर नावाच्या धर्मगुरूने ती निवड रद्द करून एका तरुण भगिनीस त्या जागी बसविले. पुढे १८५२ साली जान जुगाँला मातृगृही बोलावून घेण्यात आले. तेथे ती १८७९ साली मरेपर्यंत सत्तावीस वर्षे नवशिक्या मुलींमध्ये राहिली, आणि हीच आपल्या संघाची स्थापिका आहे हेही त्यांतील पुष्कळींस ठाऊक नव्हते.

तो उघड अन्याय होता. ख्रिस्तसभेने पुढे सत्य शोधून काढले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी तिला संतपद दिले. परंतु त्या सत्तावीस वर्षांत घडलेली गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पद नसताना, हुद्दा नसताना, ती त्या मुलींस आपल्या वागण्याने सेवा शिकवीत राहिली: म्हाताऱ्यांशी कसे बोलावे, त्यांस कसे उठवावे, त्यांच्या हट्टाने चिडू नये कसे. तिच्या मृत्यूसमयी संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. कार्य टिकले ते तिच्या खुर्चीमुळे नव्हे. तिने शेकडो हात शिकविले होते, त्यांमुळे. अंधेरीच्या त्या घरात एखाद्या आजीस पाणी पाजणारा हात हा त्याच शाळेचा आहे.

तर मग सेवागृहाच्या प्रमुखाने काय शिकावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी.

पहिली गोष्ट, खाटेजवळचे ज्ञान. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही तर माकडहाड, टाच, कंबर येथे कातडी लाल होते आणि तिचे व्रण बनतात. म्हाताऱ्या माणसास तहान कमी लागते, म्हणून पाणी मागण्याची वाट पाहू नये. स्मृतिभ्रंश झालेली आजी तोच प्रश्न दहा वेळा विचारते तो हट्ट नसून रोग आहे. हे ज्याने हाताने केले नाही, त्यास दुसऱ्याने केलेले नीट झाले की नाही हे कळणार नाही. कार्यालयाच्या टेबलाशी बसण्यापूर्वी प्रमुखाने निदान काही महिने रात्रपाळी करावी.

दुसरी गोष्ट, हाताखालच्या माणसांचे ऐकणे. आपण ज्यांस ‘मावशी’ म्हणतो त्या आया चोवीस तासांतील सर्वांत अवघड वेळ पाहतात. कोणाचे जेवण कमी झाले, कोण रात्री कण्हते, हे डॉक्टरांच्या आधी त्यांस कळते. पाळी बदलताना एकीने दुसरीस दहा मिनिटे उभे राहून सर्व सांगावे, वहीत लिहावे, आणि प्रमुखाने ते वाचावे, एवढ्या एका शिस्तीने पुष्कळ अनर्थ टळतात. ह्या मावश्यांनाही घर आहे, गुडघेदुखी आहे, मुलांच्या शाळेची फी आहे. ज्या घरात सेवकांस मान व पुरेसे वेतन नाही, तेथे म्हाताऱ्यांस मायेचा शब्द मिळेल अशी आशा करणे व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट, तक्रार ऐकून घेणे. आश्रित माणसाने तक्रार केली की त्यास कृतघ्न म्हणण्याचा मोह होतो. यरुशलेमच्या विधवांची कुरकूर प्रेषितांनी कशी ऐकली ते आताच सांगितले. ज्या घरात कोणीच तक्रार करीत नाही, तेथे सर्व सुखी आहेत असे समजू नये; कदाचित सर्व भ्यालेले असतील. प्रमुखाने आठवड्यातून एक तास फक्त ऐकण्यासाठी राखावा आणि ऐकल्यावर काय केले ते पुढच्या आठवड्यात सांगावे.

चौथी गोष्ट, हिशेब व कायदा. देणगीचा एक एक रुपया वहीत दिसला पाहिजे. कायद्याचीही ओळख हवी. २००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम केला. न्यायाधिकरणापुढे अर्ज करून वृद्ध आईबापांस मुलांकडून चरितार्थ मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलास वा नातलगास घर लिहून दिले आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते दानपत्र रद्द ठरविण्याचीही तरतूद त्यात आहे. गावठाणातील घरांवर आज किती जणांचे डोळे आहेत हे आपण जाणताच. सही करण्यापूर्वी म्हाताऱ्या माणसास हे समजावून सांगणारा कोणी तरी जवळ असावा. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ह्याच कायद्याने ठेविल्या.

पाचवी गोष्ट, आणि हीच सर्वांत कठीण: आपला वारस तयार करणे. मोशेने मरणापूर्वी यहोशवावर सर्व मंडळीदेखत हात ठेविले. प्रमुखाने पहिल्या वर्षापासूनच एक सहायक हाताशी धरावा. त्यास आधी भांडारघर, मग स्वयंपाकघर, मग एक कक्ष असे क्रमाने सोपवावे. आणि वर्षातून एकदा स्वतः महिनाभर रजेवर जाऊन घर आपल्यावाचून चालते की नाही ते पाहावे. चालले, तर त्यात आपला अपमान नाही. तेच आपल्या कामाचे प्रशस्तिपत्र होय.

हे शिक्षण आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? मुळीच नाही. ह्याच मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, तेच आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५५ साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ ह्या धर्मभगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्याचे महाविद्यालय स्थापिले. वांद्र्यास १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारे भारतातील ते पहिले घर. शिकण्यासारखी घरे व शिकविणारी विद्यालये आपल्या लोकलगाडीच्या टप्प्यात आहेत. इंग्लंडात तर वृद्धगृहाच्या व्यवस्थापकाची सरकारी नियामक मंडळाकडे व्यक्तिशः नोंदणी करावी लागते, त्याची लायकी तपासली जाते, आणि घरात हयगय झाल्यास त्यास स्वतः उत्तर द्यावे लागते. प्रौढांच्या शुश्रूषेतील नेतृत्व ह्या विषयाची वेगळी पदविकाच तेथे आहे. आपल्या कित्येक मुली तिकडे परिचारिका म्हणून जातात. त्यांनी जे शिकले, ते सुट्टीत आल्यावर आपल्याकडील मंडळांस सांगावे, एवढे तरी आपण त्यांजकडे मागू शकतो.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात आमची तीन मागणी आहेत. महोत्सवासाठी जो निधी जमेल त्याचा एक भाग बाजूस काढून आपल्या धर्मग्रामातील एका तरुणास वा तरुणीस दरवर्षी ह्या कामाच्या शिक्षणास पाठवावे. शिक्षण पुरे झाल्यावर त्याने ठरावीक मुदत उपनगरातील एखाद्या सेवागृहात काम करावे. दुसरे, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या धर्मग्रामांतील जी मंडळे वृद्धांची सेवा करतात, त्यांच्या प्रमुखांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. एकाने चुकून शिकलेले दुसऱ्यास न चुकता शिकता येईल. तिसरे, प्रत्येक सेवामंडळाच्या नियमांत अध्यक्षाची मुदत आणि त्याचा सहायक, दोन्ही लिहून ठेवावे. संगमरवरी पाटी बसविण्यास ह्याहून कमी खटपट लागेल, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाटी रात्री दोन वाजता उठून कोणास पाणी देत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ सालापासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा व वृद्ध ह्यांचा जागतिक दिवस म्हणून ठरवून दिला. पुढच्या जुलैत तो दिवस येईल, तेव्हा वेदीपुढे फुलांच्या गुच्छाबरोबर एका तरुणाचे नाव ठेविता यावे, अशी आमची इच्छा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात प्रभूने पेत्रास दोन गोष्टी सांगितल्या. आधी, माझी मेंढरे पाळ. आणि लागलीच, तू म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसराच तुझी कंबर बांधील. मेंढपाळासही एके दिवशी दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. आज येथे बसलेल्या प्रत्येकावर तो दिवस येणार आहे; तेव्हा आपल्या पुढे केलेल्या हातास धरणारा हात शिकलेला असावा आणि मायेचाही असावा. तो तयार करण्याची सद्बुद्धी व शक्ती देवबाप आपणांस देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.